मेंदूतलं गळू आणि न थरथरणारा यांत्रिक हात

अंगावरचं गळू पिकलं की डॉक्टर चिरा देतात, पू काढतात, मोकळं करतात. मेंदूत गळू झालं, ते मोठं असलं, तरी मूळ उपाय तोच. पण वाटेत कवटी असते आणि तिच्या आत दह्याच्या कवडीइतका मऊ मेंदू.

जंतू बहुधा शेजारूनच शिरतात: वर्षानुवर्षं वाहणारा कान, सायनस, किडलेला दात. कधी रक्तातूनही येतात. साधारण दोन आठवड्यांत पुवाभोवती जाड आवरण धरतं. ताप, डोकेदुखी आणि हातापायातली कमजोरी असं सगळं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतं, म्हणून निदान लांबतं.

सीटी स्कॅन नव्हता तेव्हा काय करत? १८७६ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅकइवेन यांनी निव्वळ लक्षणांवरून एका मुलाच्या मेंदूतल्या गळवाची जागा सांगितली. घरच्यांनी शस्त्रक्रिया नाकारली, मुलगा दगावला. शवविच्छेदनात गळू निघालं ते नेमकं त्याच जागी!

आता जागा एमआरआय दाखवतो, प्रश्न तिथवर पोचण्याचा. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात कारखान्यातल्या कामासाठी बनवलेला यांत्रिक हात मेंदूच्या बायोप्सीत, म्हणजे तपासणीसाठी बारीक तुकडा काढताना, सुईला नेमकी दिशा देण्यासाठी वापरला गेला. आजचे रोबोही तेवढंच करतात, फक्त फार सफाईने. स्वतःहून कापाकापी ते करत नाहीत.

सर्जन पडद्यावर आधी रेघ आखतो: कवटीवरचा प्रवेशबिंदू, गळवाचा मध्य, आणि मधल्या रक्तवाहिन्या चुकवणारा मार्ग. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्याही टाळायच्या, कारण पू तिथे फुटला तर जिवावर बेततं. डोकं पक्कं बसवून ते स्कॅनशी जुळवलं की यांत्रिक हात त्या रेघेवर नळी धरून थांबतो. त्या नळीतून काही मिलिमीटरचं भोक पाडणं, सुई सरकवणं आणि पू हळूहळू ओढणं हे काम माणसाचंच.

इथे एक गोम आहे. पू निघू लागला की मेंदू किंचित सरकतो, आणि रोबोकडे असतं ते आधीचं चित्र. त्यामुळे यंत्राच्या अचूकपणाचा खरा भरवसा पहिल्या टोचणीपुरता.

काढलेला पू लगेच प्रयोगशाळेत जातो. कोणता जंतू, कोणतं औषध लागू पडेल, हे तिथे ठरतं. मग बहुधा सहा ते आठ आठवडे प्रतिजैविकं, मधूनमधून स्कॅन. गळू पुन्हा भरलेलं दिसलं, तर नवी रेघ आखायची.