पोंग्यातली अळी आणि हिरवी बुरशी

कुडाळकडच्या माझ्या एका शेजाऱ्याने वरकस जमिनीत दोन गाईंपुरता मका केला होता. ऑगस्टात पानांवर ओळीने भोकं दिसली, पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, ओल्या भुशासारखी विष्ठा. मी म्हटलं, अमेरिकन लष्करी अळी. तो हसला. "ही काय नवी? भातार पडता तीच ती."

तीच नव्हे. भातावरची लष्करी अळी आपल्याकडची जुनी, लोंब्या कुरतडणारी. ही मूळची अमेरिका खंडातली; आफ्रिकेत २०१६ मध्ये आणि भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा आढळली. डोक्यावर उलटा 'वाय', शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो, त्याला आंबोलीचा घाट तो काय! आणि भोकांची ओळ? गुंडाळलेल्या पानातून अळी एकदाच आरपार जाते, पान उलगडलं की त्याच एका भोकाची रांग होते.

शेजाऱ्याने राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, नारळ ठेवला. ठेवावा, पण पोंगा उघडून बघायला राखणदार येत नाही. 'एका फवारणीत साफ' म्हणणारा दुकानदारही नाही. अळी खोल पोंग्यात, वर विष्ठेचं बूच. औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय हा मका कापून थेट गव्हाणीत जाणार, औषधाचा अंश दुधात उतरू शकतो.

मला मात्र वेड आहे ते मेटारायझियम रायलेई या अळी मारणाऱ्या बुरशीचं. कोकणातला दमटपणा तिला मानवतो. तिचा बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बीजच, अळीच्या कातडीला चिकटतो, ओलाव्यात रुजतो, कातडीतलं कायटिन हे कडक द्रव्य विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडत आत घुसतो. त्याआधी अळीने कात टाकली तर बीजाणू कातीबरोबर गळून जातो आणि अळी वाचते, शर्यतच म्हणायची. आत शिरल्यावर बुरशी धाग्याचं रूप टाकून यीस्टसारख्या सुट्या पेशी होऊन अळीच्या रक्तात वाढते. इथे खरी गंमत आहे. अळीच्या रक्तपेशी परक्याला घेरून कोंडतात, पण या सुट्या पेशींच्या पृष्ठभागावरचे काही रेणू अळीच्या स्वतःच्या ऊतींवरल्या रेणूंशी इतके जुळतात की पहारेकऱ्याला चोर घरचाच वाटतो. आठवड्याभरात अळी कडक होऊन मरते, आधी पांढरी, मग फिकट हिरवी. ती हिरवी भुकटी म्हणजे नवे बीजाणू.

गाईला यातून धोका नाही. तिचं अंग साडेअडतीस अंश तापलेलं, तिथे ही बुरशी टिकत नाही. तिचे बीजाणू कडक उन्हात मरतात, म्हणून ती फवारायची तर संध्याकाळी, थेट पोंग्यात. सोबत बुरशीनाशक मिसळलं तर तीच मरेल.

चार दिवसांनी शेजाऱ्याच्या मक्यात दोन हिरव्या अळ्या पानाला चिकटलेल्या सापडल्या, काहीही न फवारता. त्याने बाकीचा मका कापून गाईंना घातला आणि ती दोन ताटं तशीच उभी ठेवली.