कावळ्याला बंदुकीच्या दारूचा वास येतो?

अमेरिकेत कावळ्यांची शिकार करणाऱ्यांमध्ये एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, की कावळ्याला बंदुकीच्या दारूचा वास लांबूनच येतो आणि म्हणून तो शॉटगनच्या टप्प्यात येत नाही. हे चुकीचं आहे. वास अजिबातच कळत नाही असं नाही, पण कावळ्याच्या मेंदूतला वासाचा भाग अगदी छोटा असतो, त्याचा खरा भरवसा डोळ्यांवर.

म्हणून तर ती सगळी शिकार डोळ्या-कानांना फसवण्यावर चालते. मोठं शिंगी घुबड रात्री झोपलेले कावळे मारतं, त्यामुळे दिवसा घुबड दिसलं की कावळे कल्ला करून त्याच्यावर तुटून पडतात, आणि शिकारी नेमकं तेच वापरतात, प्लास्टिकचं घुबड, आजूबाजूला खोटे कावळे, वर भांडणाचा आवाज काढणारा कॉल, म्हणजे शिट्टीसारखं साधन. दारूच्या वासाने कावळे पळत असते तर पहिल्या बारानंतर एकही आला नसता ना, पण येतात!

मग ते सावध कशाने होतात? माणसाच्या चेहऱ्याने. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला वन्यजीवशास्त्रज्ञ जॉन मार्झलफ यांच्या टीमने गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले, त्यानंतर तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत मागे लागायचे, वर्षानुवर्षं, आणि जे कधी पकडलेच गेले नव्हते तेसुद्धा बाकीच्यांचं बघून शिकले. मला तर हे वासाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी भारी वाटतं. म्हणूनच अनुभवी शिकारी तोंड झाकतात आणि हलत नाहीत.

आणि कावळा कधीही मारता येतो हेही खोटंच, तिथे १९७२ पासून त्याला केंद्रीय संरक्षण आहे, राज्यांना शिकारीचा सीझन वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवस ठेवता येतो, ऐन विणीच्या काळात बंदच.