टाकी चकचकीत, तरी दूध का नासतं?

दूध संकलन केंद्रं, बीएमसी (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) धारक आणि छोट्या डेअरींसाठी

“टाकी रोज धुतो, पावडर चांगली वापरतो, तरी एमबीआरटीत निळा रंग दोन तासांत उडतो.” उन्हाळा लागला की ही तक्रार आमच्याकडे हमखास येते. (एमबीआरटी म्हणजे दुधात निळा रंग घालून करायची चाचणी; रंग जितका लवकर उडतो, तितके दुधात जिवाणू जास्त.) अशा वेळी आम्ही टाकीत डोकावण्याआधी खालचा व्हॉल्व्ह खोलतो, त्यातलं रबर काढतो आणि मागच्या खाचेत बोट फिरवतो. बोटाला पिवळसर बुळबुळीत थर लागतो, आंबूस वास येतो. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

पाण्याच्या रांजणाला आतून बुळबुळ धरते, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. दुधाच्या यंत्रात तेच होतं, फक्त फार लवकर. दूध स्टीलला लागलं की प्रथिनं आणि स्निग्धांश यांचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. त्यावर जिवाणू टेकतात. सुरुवातीला ते सहज धुऊन जातात. पण वेळ मिळाला तर स्वतःभोवती चिकट द्रव सोडून पक्के बसतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. जिवाणू मारायला घातलेलं क्लोरीन या थराच्या वरवरच खर्ची पडतं, आतल्या जिवाणूंपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून न घासलेल्या टाकीत दुप्पट औषध ओतून उपयोग नाही.

वेळेचा हिशेब बघा. उबदार रात्री ओल्या, दुधकट नळीत जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले, तर आठ तासांत एकाचे 65,000 होतात. सकाळचं पहिलं दूध त्यांच्यावरूनच टाकीत जातं.

“टाकीत 4 अंश आहे, पुढे पाश्चरायझर (दूध तापवून जिवाणू मारणारं यंत्र) आहेच,” असं बरेच जण म्हणतात. पण स्यूडोमोनाससारखे जिवाणू थंडीतही हळूहळू वाढतात. 72 अंशांवर 15 सेकंदांत ते मरतात, मात्र त्यांनी दुधात सोडलेली विकरं (एन्झाइम) टिकून राहतात. पुढे दूध कडवट किंवा खवट होतं ते त्यांच्यामुळे. तोवर इलाज उरलेला नसतो.

धुण्यात क्रम महत्त्वाचा. टाकीतलं दूध बाहेर काढल्याबरोबर, ती वाळायच्या आत, 40 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याने खळखळून घ्या. गार पाण्याने स्निग्धांश थिजतो, कडक पाण्याने प्रथिनं स्टीलला भाजून बसतात. मग क्षारीय धुलाई. पाइपलाइन आणि पाश्चरायझरच्या सीआयपीत (यंत्र न खोलता आतून द्रावण फिरवून धुणं) 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक सोडा, 70 ते 75 अंश. पाण्याला सेकंदाला किमान दीड मीटर वेग हवा, नुसतं वाहून भागत नाही. हाताने धुवायच्या टाकीत कॉस्टिक अजिबात नको, सौम्य पावडर आणि नायलॉनचा ब्रश वापरा. तारेची घासणी तर टाकीजवळही ठेवू नका: जिवाणू जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो, साधा ओरखडा त्याला लपायला पुरतो.

क्षाराने चरबी आणि प्रथिनं निघतात, पण मिल्कस्टोन, म्हणजे खनिजांचा पांढरट खडबडीत थर, निघत नाही. त्यासाठी आम्लाची धुलाई लागते: टाकीला आठवड्यातून दोनदा, बोअरचं पाणी जड असेल तर त्याहून जास्त वेळा. शेवटी, पुन्हा दूध घेण्याआधी निर्जंतुकीकरण. आम्ल आणि क्लोरीन एकत्र कधीही करू नका, विषारी वायू निघतो. हे वाक्य धुणाऱ्या माणसाला वाचून दाखवा.

आता रबराबद्दल. दोन्ही हातांनी जरा ताणून उजेडात धरा. बारीक चिरा दिसल्या तर ते धुऊन उपयोग नाही, बदलाच. व्हॉल्व्ह, डिपस्टिकचं (दूध मोजायच्या पट्टीचं) भोक, झाकणाची कड आणि पाइपचा वापरात नसलेला, टोक बंद केलेला फाटा इथे प्रवाह पोचत नाही. आठवड्यातून एकदा ही ठिकाणं खोलून हाताने घासा. फाटा लागतच नसेल तर कापून टाकलेला बरा.

आम्हाला बोलावलंत तर त्या दिवशी व्हॉल्व्ह आधी धुऊन ठेवू नका. जसा आहे तसाच, तुमच्यासमोर खोलू.