जार फाइल येते कुठून? मेव्हन सेंट्रलची पार्श्वभूमी

2000 साली अँट हे बिल्ड टूल (कोडपासून प्रोग्राम बांधणारं साधन) आलं तेव्हा जावाचा कोड कंपाइल करण्याची सोय झाली, पण लागणाऱ्या लायब्ररी आणायच्या कुठून, याच्याशी अँटला काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक प्रोजेक्टात ‘लिब’ नावाचं फोल्डर असे आणि त्यात हाताने आणून टाकलेल्या जार फाइल, म्हणजे जावा लायब्ररींची गाठोडी. पुष्कळदा नावात व्हर्जनही नसे. हे सगळं ओझं सीव्हीएसमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत, चढवलेलं.

अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या जकार्ता टर्बाइन प्रकल्पातला हाच पसारा आवरताना मेव्हन हे बिल्ड टूल घडलं. त्याचं 1.0 जुलै 2004 मध्ये आलं. सामायिक जार फाइल (हा साठा म्हणजेच मेव्हन सेंट्रल) सुरुवातीला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी संलग्न आयबिब्लिओच्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. तरी एका लायब्ररीला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी तुम्हीच शोधून लिहायच्या. ती कटकट 2005 च्या मेव्हन 2 ने संपवली. प्रत्येक जारशेजारी तिची पॉम फाइल, तीत तिच्या गरजांची यादी, आणि टूल ती साखळी शेवटपर्यंत धुंडाळतं.

खरी हुशारी पत्त्यात आहे. ग्रुप (बनवणाऱ्याची ओळख), आर्टिफॅक्ट (लायब्ररीचं नाव) आणि व्हर्जन ही तीन नावं दिली, की ग्रुपमधल्या टिंबांच्या जागी तिरप्या रेघा येतात आणि यूआरएल तयार होते. टूल कुठेही ‘शोध’ घेतच नाही. आधी घरच्या ‘.एम2’ फोल्डरात डोकावतं, तिथे नसेल तर थेट त्या पत्त्यावर जातं. म्हणूनच नंतर आलेल्या ग्रेडल या बिल्ड टूलनेही, मेव्हनच्या एक्सएमएल फाइलींना नाकं मुरडत का होईना, हीच रचना उचलली. फरक पडतो तो दोन व्हर्जन भिडल्यावर: मेव्हन साखळीत तुमच्या प्रोजेक्टाच्या सगळ्यात जवळचं घेतं, ग्रेडल सर्वांत नवं. माझ्या मते मेव्हनचा नियम कोड्यात टाकणारा आहे; जुनं व्हर्जन गुपचूप निवडलं जातं.

सुरक्षेकडे मात्र लक्ष उशिराच गेलं. चेकसम (फाइल बदलली का हे पडताळायचे आकडे) होते, पण जारसारखे तेही साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या एचटीटीपीवरून येत. वाटेत कोणी जार बदलली तर चेकसमही बदलता येई. सेंट्रलने एचटीटीपीएस सर्वांना खुलं केलं 2014 मध्ये आणि साधं एचटीटीपी बंद केलं 15 जानेवारी 2020 ला. जुने बिल्ड 501 एरर देऊन थांबले. पुढच्याच वर्षी मेव्हन 3.8.1 ने बाहेरच्या कुठल्याही एचटीटीपी रिपॉझिटरीला (लायब्ररींच्या साठ्याला) मुळातच नकार द्यायला सुरुवात केली.