१४४१६ वर फोन करायला कोणती कागदपत्रं लागतात? टेलि-मानस आणि ई-संजीवनीची प्रक्रिया

सरकारी सेवा म्हटली की आपण आधी आधार, शिधापत्रिका आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला धावतो. टेलि-मानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेसाठी, यातलं काहीच लागत नाही. १४४१६ लावायचा, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत आणि रात्री-बेरात्रीही सुरू असतात. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे. मराठीसह २० भाषांत बोलता येतं.

पात्रतेच्या अटी शोधत बसू नका. उत्पन्नाची मर्यादा नाही, आधी कुणी आजाराचं निदान केलेलं असावं अशीही अट नाही. झोप उडाली आहे, परीक्षेची धास्ती बसली आहे, बाळंतपणानंतर रडू आवरत नाही, दारू सुटत नाही, यातलं कुठलंही कारण पुरेसं आहे. आजारी माणसाऐवजी घरच्यांनी फोन केला तरी चालतो. मला ही सोय सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ज्याला मदतीची गरज असते तोच बरेचदा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून हटून बसतो.

फोन लागला की आधी ध्वनिमुद्रित सूचना येतात; त्यात भाषा आणि राज्य निवडायचं. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. तेवढ्याने भागत नसेल तर ते मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात. प्रत्यक्ष तपासणी हवी असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या केंद्रात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेलि-मानसचं अ‍ॅपही आलं. नाव सांगायचा संकोच वाटत असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. घरात एकच फोन सगळे वापरत असतील, तर बोलून झाल्यावर कॉलची नोंद पुसायचं तेवढं लक्षात ठेवा.

कागद लागत नाहीत, पण माहिती हाताशी हवी. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि मात्रा, थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, दिवस गेलेत का, त्रास साधारण कधीपासून आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. ऐन वेळी गोळीचा फक्त रंग आठवतो, नाव नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. कुणी स्वतःच्या जिवाला अपाय करण्याच्या बेतात असेल तर समुपदेशनाची वाट पाहू नका. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा किंवा त्या माणसाला थेट जवळच्या रुग्णालयात न्या, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक थांबतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानलं जातं. उलट काही सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा होत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी हवी असेल तर दुसरी वाट ई-संजीवनीची, म्हणजे डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेची. मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा, नाव-वय-जिल्हा नोंदवायचं, जुने रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो जोडायचे आणि टोकन घेऊन थांबायचं. सल्ला संपला की चिठ्ठी मोबाइलवरच उतरवून घेता येते. स्मार्टफोन नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतात.

खासगी डॉक्टरांकडून व्हिडिओवर सल्ला घेतलात तरी मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. अल्पवयीन मुलासोबत मोठं माणूस हवं आणि त्याची ओळख डॉक्टर पडताळून घेतात, तेव्हा तिथे ओळखपत्र जवळ ठेवा. झोपेच्या आणि गुंगीच्या बऱ्याच गोळ्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. त्या फोनवर सहसा लिहून मिळत नाहीत, आणि डॉक्टरांनी नकार दिला तर तो नियमाला धरूनच असतो. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने घातलं आहे. त्याला अपवाद मोजकेच, जसं की कुणाच्या जिवाला धोका असेल तर.

विम्याबाबत याच कायद्याचं कलम २१ सांगतं की शारीरिक आजाराला जसं संरक्षण, तसंच मानसिक आजारालाही. पण नुसत्या सल्ल्याची फी परत मिळेल की नाही, हे तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता केलेला खर्च, धरलाय का यावर ठरतं. बिल आणि चिठ्ठी दोन्ही जपून ठेवा.

कागदांची खरी फाइल लागते ती दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी. अर्ज ऑनलाइन भरता येतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि उपचारांची कागदपत्रं लागतात. मात्र मानसिक आजाराची टक्केवारी ठरवायला वैद्यकीय मंडळ प्रत्यक्षच बोलावतं, व्हिडिओवर ते काम होत नाही. ई-संजीवनीच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावून सोबत न्या. उपचार कधीपासून चालू आहेत हे दाखवायला त्या उपयोगी पडतात.