पहिलं रीळ: गुप्तहेरपटाची सुरुवात कशी घडत गेली आणि तंबूत तिचं काय झालं

गुप्तहेराच्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांचं मुख्य काम असतं माहितीची वाटणी. कोणती गोष्ट खलनायकाला ठाऊक, कोणती नायकाला, आणि कोणती फक्त प्रेक्षकाला, हे तिथेच ठरतं. पाठलाग, स्फोट, पॅराशूट ही त्यावरची सजावट. ही वाटणी युरोप-अमेरिकेच्या बंद, काळोख्या थिएटरांसाठी घडली. विदर्भातल्या खेड्यांत ती पोचली टुरिंग टॉकीजच्या तंबूत, तीही दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या प्रिंटमधून. म्हणून इथे दोन इतिहास शेजारी ठेवावे लागतात: तंत्र कसं तयार झालं, आणि तंबूत त्यातलं काय टिकलं.

सुरुवात जर्मनीत. फ्रिट्झ लांगच्या १९२२ च्या ‘डॉ. माबुझे’मध्ये रेल्वेतून व्यापारी कराराची चोरी होते. वेळ घड्याळावर मोजलेली, आणि कागदांची बॅग चालत्या गाडीतून पुलाखालून जाणाऱ्या मोटारीत पडते. प्रेक्षक घड्याळ बघतो, गाडी बघतो, मोटार बघतो, आणि तिन्हींचा मेळ स्वतःच्या डोक्यात घालतो. १९२८ च्या ‘स्पियोने’त लांग आणखी पुढे गेला. तिजोरी उघडणारे हात, रेडिओचे मनोरे, वर्तमानपत्रांचे मथळे, सगळं एकामागून एक सपासप. या सगळ्यामागे कोण आहे, हे सांगायला एक माणूस धावत येतो आणि नाव उच्चारण्याआधी खिडकीतून गोळी लागून पडतो. लगेच पडद्यावर खलनायकाचा चेहरा. तपास करणाऱ्यांना जे कळलं नाही, ते प्रेक्षकाला कळलं. नाव ओठांवर असताना मरणारा माणूस तेव्हापासून या प्रकारच्या सिनेमात कायमचा मुक्कामाला आहे.

हिचकॉकने उलट केलं. १९३५ च्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’मध्ये आधी दिव्यांची अक्षरं, मग तिकिटाची खिडकी, मग नायकाचे पाय आणि पाठ. चेहरा काही शॉटनंतर. ओळख लांबवली की माणूस डोळे बारीक करून बघतो. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत त्याने टेबलाखालच्या बॉम्बचा हिशेब मांडला होता. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो आधीच दाखवला आणि माणसं गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांची घालमेल. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पानठेल्याच्या बाकाखाली कोणी थैली सरकवून गेलं, आणि वरती दोघं कापसाच्या भावावर वाद घालताहेत. थैली दाखवली नसेल तर तो वाद कंटाळवाणा. दाखवली असेल तर ‘अरे, उठा ना!’ असं ओरडावंसं वाटतं. संवाद तोच.

ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये हाच हिशेब तीन मिनिटांहून लांब अशा एकाच सलग शॉटमध्ये मांडला आहे. तो गुप्तहेरपट नव्हे, पण गुप्तहेरपटवाल्यांनी त्यातून भरपूर उचललं. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि क्रेनवरचा कॅमेरा गाडीच्या आगेमागे सरहद्दीपर्यंत जातो. शॉट तोडला नाही, म्हणून मधला वेळ कुणी चोरलेला नाही. बॉम्बचं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकच. स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली आणि संगीत चढवलं. ते १९९८ च्या नव्या संकलनात वॉल्टर मर्चने काढलं. काढलं ते बरंच झालं. अक्षरं वाचणारा डोळा डिकीकडे बघत नाही.

मग १९६२. जेम्स बाँडच्या ‘डॉ. नो’च्या सुरुवातीची बंदुकीची नळी मॉरिस बाइंडरने खऱ्या नळीतून पिनहोल (भिंगाऐवजी बारीक छिद्राच्या) कॅमेऱ्याने टिपली, कारण साध्या भिंगाने नळी पूर्ण लांबीत स्पष्ट येईना. नळीतून दिसणारा माणूस नायक नव्हता, बॉब सिमन्स हा स्टंटमन होता. १९६५ मध्ये ‘थंडरबॉल’ रुंद पडद्यासाठी काढला, तेव्हा चौकटीचं माप बदललं आणि तो शॉट शॉन कॉनरीला घेऊन पुन्हा चित्रित करावा लागला. ‘डॉ. नो’मध्ये नायकाची ओळखही हिचकॉकच्याच वाटेने होते: जुगाराच्या टेबलावर आधी हात, पाठ, पत्ते, नाव विचारल्यावर सिगारेट पेटवताना चेहरा. १९६३ च्या पुढच्या बाँडपटात नामावलीआधीचा प्रसंग आला. बागेत नायकच मारला जातो आणि मेलेल्याच्या तोंडावरचा मुखवटा निघतो. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ने त्या प्रसंगाचा मुख्य कथेशी संबंधच जवळपास तोडला, पोहण्याच्या पोशाखाखालून कोरा करकरीत सूट निघतो, काम होतं, विषय संपला. पुढे ही भूक वाढतच गेली. १९७७ च्या बाँडपटासाठी रिक सिल्व्हेस्टरने कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या माउंट अ‍ॅसगार्डवरून स्कीसकट उडी मारली. खाली पडताना संगीत थांबतं, आणि पॅराशूट उघडलं की धून परत येते. उडीइतकीच ती शांतताही लक्षात राहते.

याच्या विरुद्ध टोकाला १९६५ चा ‘द इप्क्रेस फाइल’. त्याच्या नामावलीत नायक अलार्मने उठतो, चष्मा नाही म्हणून खोली धूसर, मग कॉफी दळतो. हेर म्हणजे सरकारी नोकर, हे एका घोटात कळतं. १९७४ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये वरून चौकावर हळूहळू झूम येतो आणि आवाजात मधूनच यांत्रिक खरखर. कोणीतरी चोरून ऐकतंय, हे चित्राआधी कानाला समजतं.

हिंदीत आपल्याकडे गाजला तो ‘फर्ज’, १९६७. तो १९६६ च्या तेलुगू ‘गूढचारी ११६’वरून घेतलेला. त्यात एजंट ३०३ मरतो आणि तपास एजंट ११६ कडे येतो. पुढच्या वर्षी ‘आँखें’ आला. हिंदीतली बांधणी साधारण अशी की आधी एकाचा खून, मग नायक, मग गाणं. शहरी समीक्षकांनी याला ढोबळ म्हटलं. पण ही बांधणी तंबूत बसून तपासायला हवी.

चित्रपट व्यवसायात विदर्भ ‘सी.पी. बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात येतो आणि अमरावती हे वितरकांचं जुनं ठाणं. शहरांत चालून घासलेली प्रिंट गावच्या तंबूत पोचायची. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम आणि सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांचं. रिळाची सगळ्यात जास्त झीज होते ती डोक्याला आणि शेपटीला, कारण तिथेच ते रोज प्रोजेक्टरमध्ये ओवलं जातं. फाटलं की ऑपरेटर दोन-चार फूट कापून जोड मारतो. दोन फूट म्हणजे ३२ फ्रेम, सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. संथ दृश्यात ते कळतही नाही. लांगच्या पद्धतीच्या भराभर जोडलेल्या सुरुवातीत मात्र तेवढ्यात दोन अख्खे शॉट जातात: तिजोरीवरचा हात गेला, रिकामी तिजोरी राहिली, आणि चोरी झाली की नाही हेच समजेना. शिवाय ३५ मिमीवर आवाज चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे छापलेला असतो. त्यामुळे जोडापाशी चित्र एका ठिकाणी उडी मारतं आणि आवाज दुसऱ्या ठिकाणी.

दुसरी अडचण सूर्याची. मे महिन्यात नागपूरकडे दिवस मावळायलाच पावणेसात वाजतात, आणि काळोख दाटल्याशिवाय पडदा दिसत नाही. पहिला खेळ सुरू व्हायचा तेव्हा आभाळात उजेड रेंगाळत असायचा. त्यात जर पहिलं दृश्य रात्रीच्या गल्लीतलं असेल, तर पडद्यावर नुसता राखी धूर. प्रोजेक्टरमध्ये कार्बन आर्कचा दिवा असेल तर त्याच्या दोन कार्बनकांड्यांमधलं अंतर सतत सांभाळावं लागतं. धन (पॉझिटिव्ह) कांडी लवकर जळते, अंतर वाढलं की उजेड मंदावतो. रुंद पडद्यासाठी आडवं दाबून छापलेली स्कोपची प्रिंट आणि ती दुप्पट पसरवणारं भिंग नाही, अशी गाठ पडली की पडद्यावर सगळी माणसं ज्वारीच्या धांड्यासारखी लांब. पसरवणारं भिंग असलं तरी पडदा अरुंद, म्हणून चौकटीच्या कडेला उभा असलेला, पाळत ठेवणारा माणूस कनातीवर जातो. आणि कर्ण्यातून खर्जाचा आवाज नीट येतच नाही. धोक्याची ती गुरगुर गेली की उरतो नुसता चिवचिवाट.

तिसरी अडचण माणसांची. भोंग्यावरची गाणी थांबली की लोक तिकिटाच्या खिडकीकडे पळायचे. सरकारी फिल्म्स डिव्हिजनचं माहितीपटाचं रीळ आधी दाखवणं बंधनकारक होतं, तेवढी सवड धरूनच उशिरा येणारे यायचे. मग दहा सेकंद सेन्सॉरचं प्रमाणपत्र. त्यावर किती रिळं ते वाचून पोट्टे मोठ्याने सांगणार. पहिल्या प्रसंगात निम्मा तंबू अजून जागा शोधत असायचा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकाला सावकाश सुरुवात परवडते, दहा-अकरा मिनिटांच्या रिळाला नाही.

या गाळणीतून काय टिकलं? नाव सांगण्याआधी मरणारा माणूस टिकला. उशिरा दिसणारा चेहरा टिकला, उलट जास्तच रंगला, कारण तोवर लोक बसलेले असत. मोठ्या आकारात दाखवलेली एकच वस्तू टिकली. कडेची रचना, बारीक आवाज आणि झपाट्याचं संकलन सांडलं. आधी खून, मग नायक ही हिंदी बांधणी या परिस्थितीत ढोबळ ठरत नाही. उशिरा आलेल्याला शेजाऱ्याने ‘एक मेला’ एवढंच सांगितलं तरी पुरतं.

आज खेड्यातली मुलं मोबाइलवर लघुपट करतात आणि बघणारेही मोबाइलवरच बघतात. गाळणी बदलली, पण तिच्यात सांडतं तेच: कडेचं, काळोखातलं, खर्जातलं. एसटी स्टँडवर थैलीचा प्रसंग करायचा असेल तर सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर करा. दुपारच्या उन्हात पांढरा दुपट्टा आणि सावलीतला चेहरा दोन्ही मोबाइलला एकदम सांभाळता येत नाहीत. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर धोतरवाला समोरून गेला की अख्खं चित्र काळवंडतं. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर बऱ्याच वेगांवर पडद्यावर पट्टे सरकतात. थैलीचा जवळचा शॉट तीन सेकंद तरी टिकवा. स्टँडचा नुसता आवाज, कुणी न बोलता, एक मिनिट वेगळा घ्या आणि माइकवर मऊ कापड बांधा. लोक कॅमेऱ्यात बघतातच. मोबाइल कंडक्टरसारखा छातीशी धरून बाकावर बसा, पाच मिनिटांत त्यांचं कुतूहल संपतं. थैली ठेवणाऱ्याचे फक्त हात आणि चपला दाखवा, आणि त्याच चपला चौथ्या मिनिटाला पोलीस पाटलाच्या पायात दिसू द्या.