टेबलाला पडदा का लावतात?

अमेरिकेतल्या काही कोर्टांत वकिलांच्या टेबलाला पार जमिनीपर्यंत पडदा लावलेला असतो, आणि गंमत म्हणजे तो आरोपीच्या टेबलाला असतो तसाच सरकारी वकिलाच्या टेबलालाही असतो. आरोपीच्या पायात बेडी असेल तर ती ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, दिसू नये म्हणून हा उद्योग, आणि एकाच टेबलाला लावला तर न सांगता सगळं कळणारच की! कधीकधी बेडीला टेपसुद्धा गुंडाळतात, खळखळ नको म्हणून.

आता एवढी लपवाछपवी कशाला? कारण ज्युरी म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच माणसं, समोर साखळीतला माणूस दिसला की पुरावा यायच्या आधीच डोकं निकाल देऊन मोकळं होतं. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी खटल्याचं नाटक उभं करून हे तपासलंय, केस तीच, पुरावा तोच, फक्त आरोपीची जागा बदलली, तर वकिलाशेजारी बसलेल्यापेक्षा पिंजऱ्यात बसलेल्याला दोषी म्हणणारे जास्त निघाले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2005 साली डेक विरुद्ध मिसुरी खटल्यात सांगून टाकलं की खास त्या आरोपीपासून धोका असल्याशिवाय ज्युरीला दिसतील अशा बेड्या घालायच्या नाहीत.

मग न दिसणारी साधनं आली. एक म्हणजे पँटच्या आत गुडघ्याला बांधायचा ब्रेस, पाय सरळ झाला की लॉक होतो, चालता येतं पण पळता येत नाही. दुसरं स्टन बेल्ट, शर्टाखाली कमरेला, आणि रिमोट पोलिसाच्या हातात. बटण दाबलं की सुमारे 50,000 व्होल्टचा झटका, 8 सेकंद. एवढ्यात माणूस मरत कसा नाही? तर व्होल्ट हा नुसता ढकलायचा जोर, शरीराचं काय होणार ते किती करंट, किती वेळ आणि कुठून गेला त्यावर ठरतं, आणि इथे करंट 3-4 मिलिअँपिअर. पण तेवढ्यानेही स्नायू आखडतात, माणूस कोसळतो, आणि हृदयाचा त्रास असेल तर धोका आहेच, त्यामुळे "सेफ" म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आणि खरी गोची पुढेच आहे, झटका न देताही बेल्ट काम करतो! आरोपी साक्ष देत असतो आणि अर्धं लक्ष रिमोटकडे, घाम फुटतो, बोलताना अडखळतो, आणि घाबरलेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस ज्युरीच्या बाकावरून सारखेच दिसतात. याच मुद्द्यावर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये एक शिक्षा रद्द केली, आरोपीला साक्ष देताना असा बेल्ट घातला होता.

कपड्यांचंही तेच. जबरदस्तीने जेलच्या कपड्यांत ज्युरीसमोर उभं करता येत नाही, हा 1976 चा निकाल. म्हणजे आधी कपडे बदलायचे आणि त्यासाठी बेड्या काढायच्या. 11 मार्च 2005 ला अटलांटाच्या कोर्टात एका आरोपीची बेडी अशीच कपडे बदलण्यासाठी काढत होते, सोबत एकच महिला पोलीस अधिकारी. त्याने तिला जबर मारहाण केली, तिचं पिस्तूल मिळवलं आणि कोर्टरूममध्ये जाऊन न्यायाधीश आणि कोर्ट रिपोर्टरला (कोर्टातलं बोलणं शब्दशः टिपून घेणारी व्यक्ती) गोळ्या घातल्या. दारावरच्या मेटल डिटेक्टरचा इथे काय उपयोग, पिस्तूल बाहेरून आलंच नव्हतं.